दर साल, दर शेकडा : एका गणिती क्रियाविशेषणाचा वंशवृत्तांत

मराठी शाळेत गणित शिकलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात चार अक्षरांचा एक संक्षेप कायमची वस्ती करून राहिलेला असतो. 'द. सा. द. शे.' ही ती चार अक्षरे होत. मुद्दल अमुक, मुदत अमुक, दर द.सा.द.शे. अमुक, तर सरळव्याज काय, या साच्याची उदाहरणे ज्याने सोडविली नाहीत असा मराठी विद्यार्थी विरळा. परंतु या अक्षरांच्या पोटात कोणते शब्द आहेत, ते कोठून आले, आणि ज्या इंग्रजी क्रियाविशेषणाच्या जागी ते उभे आहेत त्या 'पर सेंट पर ॲनम'शी त्यांचे नाते केवळ भाषांतराचे आहे की रक्ताचे आहे, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. तो निघावा, असे मला मनापासून वाटते. या प्रश्नात व्युत्पत्तीचा आनंद आहे, तसाच तो मराठवाड्यातल्या कुंभार पिंपळगावासारख्या गावात आजही दर हंगामात होणाऱ्या देण्याघेण्याशी थेट भिडलेला आहे.

प्रथम लॅटिन बाजू पाहू. इंग्रजीतील 'पर सेंट' हे क्रियाविशेषण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखनात दिसू लागते. पूर्वी त्याच्या शेवटी टिंब देत असत, कारण ते 'पेर केंतुम्' या लॅटिन शब्दद्वयाचा संक्षेप आहे अशी लिहिणाऱ्यांची समजूत होती. 'पेर' म्हणजे 'मधून, द्वारा, प्रत्येकी' आणि 'केंतुम्' म्हणजे शंभर. तथापि प्राचीन रोमन लोक आपले हिशेब या शब्दांत करीत नसत. शतांश सांगावयाचा असता ते 'केंतेसिमा', म्हणजे 'शंभरावा भाग', असे म्हणत. ऑगस्टस बादशहाने लिलावाच्या विक्रीवर बसविलेल्या एक टक्का कराचे नावच मुळी असे होते. 'शंभरामागे इतके' ही वाक्यरचना रुळविली ती मध्ययुगाच्या अखेरीस इटलीतील व्यापाऱ्यांनी. त्यांच्या 'पेर चेंतो'ला पुढे इंग्रजी दप्तरांत लॅटिन पेहराव मिळाला, असे विद्वानांचे मत आहे आणि ते मला ग्राह्य वाटते. आपण आज जे टक्क्याचे चिन्ह लिहितो, दोन शून्यांमध्ये तिरकी रेघ, तेही याच व्यापाऱ्यांच्या वह्यांतले. १४२५ च्या सुमाराच्या एका इटालियन हस्तलिखितात 'पेर चेंतो'चा जो आकुंचित आकार आढळतो, तो झिजत झिजत सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आडव्या रेघेच्या वर एक व खाली एक अशा दोन वर्तुळांवर आला, आणि मग ती रेघ तिरपी झाली.

आता मराठी बाजू. 'दर' आणि 'साल' हे दोन शब्द फारसीतून आलेले, 'शेकडा' हा संस्कृतातून प्राकृतमार्गे उतरलेला. आपल्या व्याकरणकारांनी दररोज, दरसाल, दरमहा या शब्दांची गणना अव्ययीभाव समासात केली आणि त्यांना प्रतिदिन व यथाशक्ती यांच्या पंक्तीस बसविले, हे मला त्यांच्या उदार दृष्टीचे लक्षण वाटते. संपूर्ण सामासिक शब्द अव्यय होऊन क्रियाविशेषणाचे काम करतो, एवढी एकच कसोटी त्यांनी लावली. शब्दाचे जन्मगाव विचारले नाही.

पण जन्मगाव विचारले तर काय निघते? फारसी 'दर' म्हणजे 'आत, मध्ये'. त्याचे जुने रूप 'अंदर', आणि त्याहूनही प्राचीन इराणी रूप 'अंतर'. तेच संस्कृत 'अंतर्' आणि तेच लॅटिन 'इंतेर'. 'साल' या शब्दाच्या मागे प्राचीन इराणीतील 'सरद्'सारखे रूप उभे आहे, आणि ते आपल्या 'शरद्'चे सख्खे भावंड आहे. वेदांतील ऋषींनी शंभर वर्षांचे आयुष्य मागितले ते शंभर शरद म्हणूनच. एका ऋतूवरून संबंध वर्षाची गणना करण्याची ही रीत दोन्ही घराण्यांत होती. 'शेकडा'तला 'शे' तर 'दोनशे, तीनशे'मध्ये रोज ऐकू येतो. संस्कृत शत, प्राकृतात सय, मराठीत शे, असा त्याचा सरळ उतार आहे. आणि हे संस्कृत 'शत' व लॅटिन 'केंतुम्' एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत. आरंभीच्या कंठ्य 'क'चा भारत-इराणी शाखेत श किंवा स झाला, लॅटिनमध्ये तो क राहिला. एकोणिसाव्या शतकातील भाषाशास्त्रज्ञांनी समग्र आर्यभाषाकुलाची जी प्रसिद्ध विभागणी केली, तिला नावे देताना त्यांनी शंभर या संख्यावाचकाचीच निवड केली, एक 'केंतुम्' गट आणि दुसरा 'सतम्' गट. म्हणजे ज्या शब्दावरून भाषाकुलाचे दोन तट ओळखले जातात, तोच शब्द सावकाराच्या खतात आणि सातवीच्या गणितात बसलेला आहे.

'ॲनम'चे मूळ 'अन्नुस्', वर्ष. त्याचा संबंध 'चालणे, फिरणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात, आणि संस्कृतातील 'अतति' हे क्रियापद त्याच धातूचे आहे. रोमनांचे वर्ष 'चालणारे', इराण्यांचे 'शरद' आणि आपले संस्कृत 'वर्ष' पावसावरून आलेले. मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखात कर्ज घेतले जाते मृगाच्या तोंडावर आणि फेडीचा वायदा असतो कापूस-सोयाबीन घरात आल्यावर. तेव्हा पावसापासून शरदापर्यंत ही कालगणना येथे निव्वळ शब्दकोशातली उरत नाही.

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट ठरते. 'दर साल दर शेकडा' या शब्दसमूहातील एकही घटक परकुळातला नाही. भाषाशुद्धीच्या वादात फारसी शब्दांवर जेव्हा यावनी म्हणून शिक्का मारण्यात आला, तेव्हा अरबी आणि फारसी यांतला भेद पुष्कळदा कोणी पाहिला नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशाचा हेतू राजकीय होता व त्या काळी तो सर्वथैव उचित होता, याविषयी मला शंका नाही. परंतु विसाव्या शतकात माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे त्यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला, त्या दोन टोकांमध्ये या प्रश्नाची सगळी गुंतागुंत सामावलेली आहे. 'दर साल'च्या जागी 'प्रतिवर्ष' आणि 'दर शेकडा'च्या जागी 'प्रतिशत' लिहिण्याला माझी हरकत नाही. मात्र ते 'अधिक आपले' आहे म्हणून लिहावे, हे कारण व्युत्पत्तीच्या कसोटीवर टिकत नाही. शरद् आणि अंतर् यांना परके म्हणणार कोण?

मराठीत शतमानाचे आणखी दोन शब्द होते. जुन्या कर्जरोख्यांत 'दरमाहे दरसदे' असा प्रयोग येतो. यातला 'सद' फारसीतील शंभर, म्हणजे पुन्हा तेच शत. निजामाच्या राज्यात, १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतल्यावर, दप्तरी लेखनात 'फीसदी' आले. त्यातला 'फी' मात्र खरोखरीचा अरबी, अर्थ पुन्हा 'मध्ये'. दुसरा शब्द 'टक्का', आणि तो आज सर्वांवर मात करून बसला आहे. तो संख्येचा नव्हे, नाण्याचा. संस्कृत 'टंक' म्हणजे वजनाचे माप व नाणे, त्याचा टका, आणि बंगाल्यात रुपयाला जे 'टाका' म्हणतात तेही तेच. 'शंभरामागे दोन टके' असे म्हणता म्हणता शंभर गळाले व टके उरले. इंग्रजीत शंभर उरले आणि नाणे गळाले; मराठीत उलट झाले.

बोलण्यात असे काहीतरी गळणे भाषेला नवे नाही. पण या विशिष्ट वाक्यप्रयोगात दोन परिमाणे असतात, एक रकमेचे आणि एक काळाचे. रकमेचे गळाले तरी ऐकणारा फसत नाही, कारण टक्का शंभरावरच असतो हे सर्वांना ठाऊक असते. काळाचे गळाले तर मात्र अर्थाचा अनर्थ होतो, आणि तो नेहमी एकाच बाजूचा होतो. मला या लेखात जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः हे. आणि या गळतीचा इतिहास फार जुना आहे.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात एक सूत्र दिले आहे, की ज्या रकमेत वृद्धी, आय, लाभ, शुल्क किंवा लाच म्हणून अमुक द्यावयाचे असते, त्या रकमेला त्या संख्येवरून विशेषण लागते. त्यावरून वृत्तिकार 'पंचक शत' असे उदाहरण देतात. पाच ज्यात वृद्धी म्हणून दिले जातात ते शंभर. शंभरामागे पाच हा अर्थ इतक्या सुटसुटीतपणे सांगणारी रचना जगातील दुसऱ्या कोणत्या व्याकरणात असेल असे मला वाटत नाही. परंतु 'पंचक शत' म्हणताना काळ बोलला जात नाही. तो गृहीत असतो, आणि धर्मशास्त्राच्या व्यवहारात तो महिना असतो. मनूने ऐंशीवा भाग दरमहा घेण्यास अनुमती दिली, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के; आणि दुसऱ्या जागी वर्णपरत्वे द्विक, त्रिक, चतुष्क व पंचक शत सांगितले. ब्राह्मणाला दरमहा दोन, शूद्राला दरमहा पाच, म्हणजे वर्षाला साठ. ज्याच्यापाशी सर्वांत कमी त्याच्याकडून सर्वांत जास्त, ही व्यवस्था ग्रंथात लिहून ठेवलेली आहे. तिचे समर्थन करता येत नाही व करूही नये. कौटिल्य त्या मानाने धंद्याच्या जोखमीकडे पाहतो. शंभर पणांना दरमहा सव्वा पण धर्म्य, व्यापारात पाच, अरण्यमार्गाने जाणाऱ्यांना दहा, समुद्रमार्गाने जाणाऱ्यांना वीस. यातही मास हा काळ त्याने स्पष्ट शब्दांत घातला आहे, ही बाब कायदा लिहिणाऱ्याच्या सावधपणाची आहे.

पाणिनीच्याच दुसऱ्या एका सूत्रात दहा देऊन अकरा घेणारा 'दशैकादशिक' येतो, आणि तेथे वैयाकरणांनी त्यास निंद्य ठरविले आहे. व्याकरणाच्या सूत्रात सावकाराची निंदा घडावी इतका तो व्यवहार समाजात खुपत होता.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत पंचराशिकाच्या प्रकरणात महिन्यास शंभरावर पाच कलांतर असता वर्षभरात सोळांवर किती, असा प्रश्न आहे. उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. कलांतर म्हणजे व्याज. या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला व त्याला दान मिळाल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, तो १२०७ चा. त्याचा काही भाग मराठीत आहे. आज आपण द.सा.द.शे.ची जी उदाहरणे सोडवितो त्यांची परंपरा अशी या भूमीत आठशे वर्षांहून जुनी. भेद एवढाच, की लीलावतीत दर महिन्याचा आणि मुदत वर्षाची असल्यामुळे विद्यार्थ्याला बाराने गुणावे लागे. तो गुणाकार उदाहरणाचा मर्मभाग होता. इंग्रजी अमदानीतील शालेय गणिताने दरच वर्षाचा करून टाकला आणि तो गुणाकार सुटला.

रोममध्येही नेमकी हीच गोष्ट. तेथे कायदेशीर व्याज 'केंतेसिमा', शतांश, म्हणजे शंभराला एक. आणि काळ पुन्हा गृहीत, महिना. वर्षाला बारा. व्याज चुकते करण्याचा दिवस महिन्याची पहिली तारीख, जिला 'कालेंदे' म्हणत, आणि सावकाराच्या ज्या वहीत ही येणी लिहिली जात ती 'कालेंदारियुम्'. भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडराचे नाव त्या वहीवरून आलेले आहे. जास्त दर सांगावयाचा तर 'चार केंतेसिमा' म्हणत, आणि म्हणणाऱ्याला व ऐकणाऱ्याला महिना कळत असे. ख्रिस्तपूर्व ५१ मध्ये सिसेरो किलिकिया प्रांताचा सुभेदार झाला तेव्हा त्याच्यापुढे सायप्रसमधील सालामिस या नगरीचे एक प्रकरण आले. नगरीने काही वर्षांपूर्वी कर्ज काढले होते, चार केंतेसिमा दराने, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस टक्के. सिसेरोने आपल्या जाहीरनाम्यात बारा टक्क्यांची मर्यादा घातली होती. सावकारातर्फे स्काप्टियस नावाचा मनुष्य दोनशे टॅलेंट मागत होता. नगरवासीयांच्या हिशेबाने, बारा टक्क्यांनी, देणे एकशे सहा टॅलेंट होत होते. याच स्काप्टियसने पूर्वी घोडेस्वार घेऊन नगरसभेला वेढा दिला होता व त्यात पाच सभासद उपाशी मेले होते. पुढे सिसेरोला कळले की पैसा खरोखर मार्कुस ब्रूटुसचा होता, तोच ब्रूटुस ज्याला नंतरच्या जगाने सद्गुणाचा पुतळा मानले. सिसेरोने आपली मर्यादा सोडली नाही, पण तंट्याचा निकालही लावला नाही. प्रकरण पुढच्या सुभेदारावर टाकले. कर्ज एक, नगर एक, आणि केवळ दराच्या फरकाने देण्यात जवळजवळ दुपटीचे अंतर. सिसेरोच्या पत्रांतील हा वृत्तांत मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला पुणे जिल्ह्यातील सुपे आठवते.

सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात त्यांची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती. रोखे व खते बाहेर काढा. कागद हाती येताच तो जाळला जाई. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे झाले. ज्या कागदातला दर आपल्याला वाचता येत नाही, ज्यातले साल व महिना आपण लिहिलेले नाही, त्या कागदावरचा तो राग होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला, त्यात न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. मुंबई इलाख्यात हिंदू धर्मशास्त्रातील दामदुप्पटीचा नियमही न्यायालयांनी मानला. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हे मनूच्या द्वैगुण्याचे तत्त्व. दर कितीही असो, काळ कितीही लांबो, त्याला कोठेतरी बांध असावा, हा विचार त्यामागे आहे.

कुंभार पिंपळगाव त्या वेळी या कायद्यांच्या हद्दीबाहेर, निजामाच्या मुलखात होते. आज ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. जालना जिल्हा औरंगाबादेपासून अलग झाला तो १ मे १९८१ रोजी, पण येथील जमिनीचे, कर्जाचे आणि वंशावळीचे जुने कागद मोडी आणि उर्दू या लिप्यांत आहेत व ते वाचणारे आता थोडे राहिले आहेत. निजामी अमलात 'शेकडा' आणि 'साल' या दोन्ही शब्दांना आणखी एक फाटा फुटत असे. साल म्हटले तर कोणते? दरबारी साल फसली, जे ऑक्टोबरात आझर महिन्यापासून सुरू होई. पंचांगातले साल शकाचे, चैत्रापासून. इंग्रजी साल जानेवारीपासून. हैदराबाद संस्थानात सावकारीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला तोही १३४९ फसलीचा, म्हणजे १९३९-४० चा. शेकडा म्हटले तर कशाचा? संस्थानाचा रुपया 'हाली सिक्का', इंग्रज सरकारचा 'कलदार', आणि शंभर कलदारांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली होत, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. खतात शंभर रुपये लिहिताना कोणता शिक्का हे लिहिले नाही तर सहाव्या भागाचा फरक पडे. अशा मुलखात 'दर साल दर शेकडा' हे शब्द पूर्ण उच्चारणे हाच कर्जदाराचा पहिला बचाव होता, असे मी म्हणतो ते अतिशयोक्तीने नव्हे.

आजची बोली काय सांगते? गोदाकाठच्या या पट्ट्यात कोणी पैसे आणले तर 'दोन रुपये शेकड्यानं आणले' किंवा 'तीन टक्क्यानं उचलले' असे सांगतात. त्यात महिना बोलला जात नाही. पाणिनीच्या पंचक शताप्रमाणे आणि रोमच्या चार केंतेसिमाप्रमाणे तो गृहीत आहे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. आणि व्याज थकून दरमहा मुद्दलात मिसळत गेले तर वर्षाअखेर शंभरावर बेचाळीस रुपये सत्तावन्न पैशांहून थोडे जास्त. त्यातही पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून घेण्याची चाल असली तर दहा हजारांच्या नावावर हातात नऊ हजार सातशेच पडतात आणि व्याज मात्र दहा हजारांवर चालू राहते. धान्याच्या उधारीला तर शेकडाही नाही. 'सवाई' आणि 'दिढी' हे तेथील दर. एक पोते नेले तर सुगीला सव्वा किंवा दीड पोते आणून द्यावयाचे. सवाई ऐकायला पाव हिस्सा वाटते, पण आषाढात नेलेले धान्य मार्गशीर्षात परत गेले तर तो पाव हिस्सा पाच महिन्यांचा असतो. वर्षाच्या मापाने तो साठ टक्क्यांना पोहोचतो. मी हे लिहितो ते कोणा एकाला दोष देण्यासाठी नव्हे. महिलांच्या बचत गटांतही अंतर्गत कर्ज शेकडा दोनने देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, तेथेही महिनाच अभिप्रेत असतो, आणि ते व्याज गटाच्याच गंगाजळीत परत येत असल्याने तो व्यवहार सर्वस्वी निराळा आहे. पण गटाचे 'दोन टक्के' आणि बँकेचे 'सात टक्के' हे दोन आकडे शेजारी ठेवले असता गटाचे स्वस्त वाटतात, ही भूल दोन्हींचा काळ न बोलल्यामुळे पडते. चोवीस आणि सात अशी तुलना त्यांची खरी आहे. पीककर्जाला तर केंद्राच्या व्याजसवलतीमुळे ठरावीक मर्यादेपर्यंत सात टक्के, आणि वेळेवर फेडल्यास आणखी तीन टक्क्यांची सूट, हे सगळे दरसाल.

कायद्याने या बाबतीत जे केले ते संक्षेपाने सांगतो. जुन्या हद्दीत १९४६ चा मुंबई सावकारी अधिनियम होता; त्याची जागा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने घेतली आणि त्याखाली शासनाने दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारण कर्ज नऊ व विनातारण बारा, इतरांना पंधरा व अठरा, सर्व दरसाल दरशेकडा. बारा हा आकडा पाहून कोणाला रोमची केंतेसिमा आठवली तर नवल नाही. महिन्याला एक, हे माप मनुष्याला फार प्राचीन काळापासून सहन होण्याजोगे वाटत आले आहे.

अलीकडे नवीन कर्जाचे नवीन शब्द आले. 'फ्लॅट' दराने बारा टक्के सांगितलेले दहा हजारांचे कर्ज बारा समान हप्त्यांत फेडावयाचे असले तर हप्ता नऊशे तेहतीस रुपयांचा पडतो; पण मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर धरलेले असल्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. येथे साल आहे, शेकडा आहे, आणि तरीही लबाडी आहे; कारण 'कोणत्या शेकड्यावर' हे गळाले आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर कर्जदाराला सांगणे सक्तीचे केले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ व लघुउद्योगांच्या कर्जांसाठी मुख्य बाबींचे एक विवरणपत्र आवश्यक केले, त्यात हाच वार्षिक टक्केवारी दर द्यावयाचा आणि ते पत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावयाचे. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या कर्जांना ते लागू आहे.

'कर्जदाराला समजणारी भाषा' ही अट मला या सगळ्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाची वाटते, आणि मराठी विवरणपत्रे छापणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. 'वार्षिक टक्केवारी दर' हे शब्द शुद्ध आहेत, पण ते 'एपीआर' या इंग्रजी तीन अक्षरांचे प्रतिरूप आहे. कुंभार पिंपळगावच्या बाजारात शेकड्याने बोलणाऱ्या माणसाच्या कानाला ते लागत नाहीत. त्याच्या ओळखीचे शब्द तयार आहेत. 'द.सा.द.शे.' हा संक्षेपही छापू नये. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला त्या चार अक्षरांतून काही निघत नाही, आणि संक्षेपात काळ पुन्हा एकदा एका अक्षराआड जातो. 'शंभर रुपयांना एका वर्षात सर्व खर्च धरून इतके रुपये, आणि एका महिन्यात इतके' असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी, पूर्ण शब्दांत व रुपयांत छापले, म्हणजे गावात सांगितलेला 'शेकडा तीन' आणि पतसंस्थेच्या फलकावरचा 'चौदा टक्के' यांची तुलना कर्जदार स्वतः, खिडकीपाशी उभ्या उभ्या, कोणाला न विचारता करू शकेल.